उसनं नाक

नाकसाहेबांना वास येत नाही ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः नाकसाहेब आणि दुसरी त्यांची बायको. तिलाही त्यांनी आपण होऊन सांगितलं नव्हतं. एका सकाळी गॅसवर दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं. बाहेरच्या खोलीतून ती धावत आत आली, तर साहेब गॅसपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते.

"अहो, वास नाही आला?"

साहेबांनी पान उलटलं आणि विचारलं, "कसला?"

झालं. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

नाकसाहेब हे त्यांचं टोपणनाव. आपल्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाच्या वायनरीत ते वाईन तयार करत. द्राक्षं चिरडायला माणसं होती, पिपं धुवायला माणसं होती. पण लाकडी पिपात महिनोन्‌महिने पडून राहिलेली वाईन सुधारते आहे की बिघडते आहे, हे दर शनिवारी ग्लासात नाक घालून सांगायचं काम साहेबांचं. आसपासच्या सगळ्या वायनऱ्यांत त्यांच्या नाकाची ख्याती होती. एरवी माणूस नाकासमोर चालणारा, पण नाकाचा विषय निघाला की थोडा ताठ व्हायचा. हिवाळ्यात त्यांना जोराची सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली. आंबट, गोड, तुरट एवढं कळायचं, आणि वाईनच्या धंद्यात एवढं तर शेजारच्या मांजरालाही कळतं.

सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांनाही पटत होतं. पण ज्याला चार लोक नाक म्हणून ओळखतात, त्याने नाकच गेलं असं कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यातून मालक म्हणजे मेहुणा. बायकोच्या माहेरच्या माणसांपुढे मान खाली घालण्यापेक्षा साहेबांनी नवी युक्ती काढली. शनिवारी मेहुण्याबरोबर पिपापाशी उभं राहायचं, पूर्वीसारखेच डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि मग एक डोळा किलकिला करून मेहुण्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंड समाधानी दिसलं की म्हणायचं, "बरं चाललंय." मेहुण्याचं तोंड दर वेळी समाधानीच असायचं. असे चार महिने सुखाने गेले.

आता सोमवारी वाईन बाटल्यांत भरायची होती. एकदा बूच बसलं की संपलं. बाटलीवर मेहुण्याचं नाव, आणि आत जे काही असेल त्याला जबाबदार साहेब. शुक्रवारी जेवताना त्यांनी भात तसाच ठेवला.

बायको म्हणाली, "माझं नाक घ्या."

"तुला वाईनमधलं काय कळतं?"

"काही नाही. पण नाक आहे."

साहेबांनी भाताचं ताट पुन्हा पुढे ओढलं.

रविवारी मेहुणा वायनरीकडे फिरकत नसे. तेव्हा बेत असा ठरला, की रविवारी पर्यटकांच्या बसने निघायचं. ही बस दिवसभर चार वायनऱ्यांना फेऱ्या मारायची. मनगटाला हिरवी कागदी पट्टी बांधून घ्यायची, वाटेल तिथे उतरायचं, प्यायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढायचं. पहिल्या तीन ठिकाणी बायकोचं नाक तयार करायचं आणि चौथ्या ठिकाणी, म्हणजे आपल्याच वायनरीत, गर्दीत मिसळून तिला खऱ्या परीक्षेला बसवायचं. साहेबांनी ओळख लपवायला गवती हॅट आणि काळा चष्मा घातला. त्यामुळे बसमधला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे दोनदा बघू लागला.

बसमध्ये ध्वनिफीत लावली होती. उजव्या हाताला जुनी गिरणी दिसेल असं ती सांगायची आणि उजव्या हाताला टायरचं दुकान दिसायचं. ड्रायव्हरने ती दुरुस्त करायचा नाद केव्हाच सोडला होता. पुढच्या बाकावर मोठ्या टोपीची एक मावशी होती. तिला वाईनबद्दलचं एकच वाक्य येत होतं, "अंगाने भरलेली आहे हो!", आणि ते ती प्रत्येक ग्लासाला म्हणायची. एकदा पाण्यालाही म्हणाली.

पहिल्या वायनरीत गाइड पोरीने काळी फळं, मिरी, चामडं असं बरंच काही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. साहेबांनी बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "कसला वास येतोय?"

"वाईनचा."

"अगं, वाईनमध्ये कसला?"

तिने डोळे मिटून पुन्हा हुंगलं. "तिच्या अत्तराचा."

तिची चूक नव्हती. पोरगी खरंच अत्तरात बुडून आली होती. साहेबांनी आपला ग्लास संपवला. बायकोने मात्र चूळ भरावी तशी वाईन तोंडात फिरवली आणि कोपऱ्यातल्या थुंकायच्या भांड्यात एका रेषेत सोडली. तिला दारू आवडत नव्हती आणि तिचा नेम चांगला होता. बाजूच्या दोघांनी तिला जागा करून दिली.

दुसऱ्या वायनरीत साहेबांनी पद्धत बदलली. "गाइडचं ऐकू नकोस. घरातलं काय आठवतं ते सांग."

तिने हुंगलं. "जाऊबाईंच्या कपाटाचा वास. ते मोठं लाकडी, त्यात त्या कुणाला हात घालू देत नाहीत ते."

ओकचं लाकूड, साहेबांनी मनात नोंद केली. नवं पीप.

"आणि?"

"भाचीच्या त्या गुलाबी, वासाच्या खोडरबराचा. तिने चावलेल्या."

स्ट्रॉबेरी. साहेबांच्या अंगावर काटा आला. ही बाई इतकी वर्षं त्यांच्या शेजारी झोपत होती आणि त्यांनी तिला कधी भाजीपलीकडचा वास विचारला नव्हता. त्याची त्यांना लाज वाटली. मग पुढचा ग्लास आला, आणि लाज तिथेच राहिली.

तिसऱ्या ठिकाणी कमाल झाली. बायकोने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच हात लांब केला. "पावसात भिजलेला पुठ्ठा. आपण घर बदललं तेव्हाची खोकी होती ना, तसा."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गाइडला बाजूला घेतलं. "ही बाटली बदला. बूच खराब आहे." गाइडने हुंगलं, तो लाल झाला, त्याने माफी मागितली आणि दुसरी बाटली फोडली. मावशी त्याच खराब बाटलीचा ग्लास संपवून म्हणाली, "मला वाटलंच होतं." चार महिन्यांत पहिल्यांदाच साहेबांना कुणीतरी वाकून मान दिला होता. तो आपला नाही हे ठाऊक असूनही त्यांनी तो घेतला. बसमध्ये ते बायकोचा हात हातात घेऊन बसले. काही त्या मानामुळे आणि काही तीन वायनऱ्यांमुळे.

चौथ्या थांब्यावर ते उतरले, तर दारात मेहुणाच उभा. रविवारचा गाइड आजारी पडला होता. मेहुण्याने हॅट पाहिली, चष्मा पाहिला, मग मनगटावरची हिरवी पट्टी पाहिली.

"भावोजी, माझ्या वायनरीत तुम्ही तिकीट काढून येता?"

"हिला फिरायला आणलं होतं," साहेब म्हणाले.

"हिला? हिला खोकल्याचं औषध पाजायला आम्ही तिघं लागायचो!"

बहिणीने भावाकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. साहेबांना पळून जावंसं वाटलं, पण बस निघून गेली होती.

मेहुणा सगळ्यांना तळघरात घेऊन गेला. तिथे थंडगार अंधारात पिपांची रांग होती. मेहुण्याला पाहुण्यांपुढे फुशारकी मारायची हुक्की आली. "मंडळी, हे आमचे भावोजी. ह्यांचं नाक म्हणजे नाक! उद्या ही वाईन बाटलीत जाणार. त्याआधी तुम्हाला थेट पिपातली पाजतो, आणि भावोजी सांगतील काय काय आहे तिच्यात." पहिल्या पिपातून त्याने नळीने वाईन काढली आणि ग्लास भरले.

"अंगाने भरलेली आहे हो!" मावशी म्हणाली. बाकीच्यांनीही वा वा केली. चौथ्या वायनरीत वा वा न करण्याइतकं शुद्धीवर कुणी नव्हतं.

साहेबांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. नेहमीप्रमाणे आत थंड हवेशिवाय काही गेलं नाही. मग ते बायकोकडे झुकले.

"छान आहे," ती हळूच म्हणाली.

साहेब तेच मोठ्याने सांगणार होते, पण थांबले. दिवसभरात तिने एकाही ग्लासाला छान म्हटलं नव्हतं. कपाट म्हणाली होती, खोडरबर म्हणाली होती. आणि आता ग्लास धरलेला तिचा हात अंगापासून लांब होता. एकीकडे भावाचा माल आणि दुसरीकडे नवऱ्याची भाकरी, अशा कात्रीत सापडून ती आयुष्यातलं पहिलं खोटं बोलली होती, आणि तेही तिला नीट जमलं नव्हतं. स्वतःपेक्षा त्यांना तिची दया आली.

"उद्या बाटल्या भरायच्या नाहीत," ते म्हणाले.

मेहुण्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "का? वास येतोय?"

"हो."

"तुम्हाला?"

"मला नाही. हिला येतोय."

मेहुणा बहिणीकडे वळला. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. "दादा," ती म्हणाली, "नखांचं पॉलिश काढायची बाटली असते ना, तिचा वास येतोय. चांगलाच येतोय."

बिघडलेल्या वाईनला तोच वास येतो. साहेबांनी तिळाएवढीही शंका घेतली नाही. मावशीने ग्लास हळूच पिपावर ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग पाहुण्यांना काहीतरी घरगुती चाललं आहे असं वाटून ते एकेक करत वर गेले.

"कधीपासून?" मेहुण्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून. सर्दी झाली होती तेव्हापासून नाकाला काहीच कळत नाही."

"आणि दर शनिवारी तुम्ही बरं चाललंय म्हणत होतात, ते कशावरून?"

साहेबांना आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुमच्या तोंडावरून. तुम्ही खूश दिसायचात."

मेहुणा उलट्या क्रेटवर मटकन बसला. "भावोजी, मला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी धंदा गळ्यात मारला म्हणून करतोय. तुम्ही डोळे मिटून मान डोलवायचात, ते बघून मी खूश व्हायचो."

चार महिने, दर शनिवारी, न चुकता, या पिपांतली वाईन कुणीही तपासली नव्हती. चिडावं कुणी कुणावर, हेच दोघांना उमगेना. वर पुढच्या बसने भोंगा दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि ती गेली.

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" मेहुणा शेवटी म्हणाला.

"लाज वाटली," साहेब म्हणाले.

मेहुण्याने मान खाली घातली. "मला पण."

बहीण एवढा वेळ ग्लास हातात धरून उभी होती. तिने तो थुंकायच्या भांड्यात रिकामा केला, कोपऱ्यातल्या नळाखाली धुतला आणि काटकसरीने घर चालवणाऱ्या बाईच्या आवाजात विचारलं, "बाकीच्या पिपांचं काय?"

बाकीची पिपं रांगेने उभी होती. त्यांत काय होतं हे देवालाच ठाऊक. मेहुणा लगबगीने उठला आणि त्याने दुसऱ्या पिपातून नळीने वाईन काढून तिच्या ग्लासात ओतली. ती हुंगायला लागली आणि थांबली. एका बाजूने भाऊ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता आणि दुसऱ्या बाजूने नवरा.

"असं बघत राहिलात तर मी तुम्हाला हवं तेच सांगीन," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करा. दोघंही."

दोघं वळले. भिंत ओली होती आणि नाकापासून वीतभर अंतरावर होती. मागे तिने एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. साहेबांना पकडले जाण्याची भीती आता नव्हती. आता फक्त वाईनची काळजी होती, आणि तेवढी काळजी त्यांना पेलवत होती.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली.

मेहुण्याने साहेबांचा हात घट्ट धरला. खरं की खोटं, हे तिच्या चेहऱ्यावर वाचायला दोघांपैकी कुणीही मागे वळलं नाही.