बारा खोकी माती

परदेशातून जपानात येणाऱ्या मालाचे कागद करायचं काम मी विद्यापीठात एकवीस वर्षं केलं. यंत्रं, रसायनं, एकदा तर जिवंत बेडूकसुद्धा. आयातदार म्हणून नाव विद्यापीठाचं असायचं, पण कागदाखाली शिक्का उमटायचा तो माझा, मिनोबेचा.

जुलैत निइगाता बंदरावरून आमचे कस्टम एजंट निशिगोरी यांचा फोन आला.

"मिनोबे-सान, मंगोलियाची बारा खोकी आलीत. कागदावर 'दगडाचे नमुने' लिहिलंय. पण एकाचा कोपरा फुटलाय आणि खाली भुकटी सांडतेय. दगड असा सांडतो होय?"

मी मालाचा कागद पुढे ओढून बसले.

"तुम्ही सांगाल ते मी लिहीन. पण उद्या कस्टमवाल्यांनी उघडून पाहिलं तर जाब मला नाही, तुम्हाला विचारतील."

आत काय आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या प्राध्यापक कुझुमी सेन्सेईंचा विद्यार्थी इबुकी तीन उन्हाळे तिकडच्या एका आटलेल्या तळ्यातून माती काढत होता. जानेवारीत तो रक्ताच्या आजाराने गेला, एकोणतिसाव्या वर्षी. ही त्याची माती. आमच्याकडे परदेशी माती आणायची तर शेतीखात्याची आधी परवानगी लागते. नसेल तर माल परत पाठवायचा, नाहीतर जाळायचा.

मी सेन्सेईंना कळवलं. ते धापा टाकत ऑफिसात आले.

"दगड म्हणा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"तो शब्द शिक्का मारल्यावर विद्यापीठाचा होतो, सेन्सेई."

"मला शिकवू नका! मार्चमध्ये अर्ज दिला होता मी. मेमध्ये विचारलं तर 'होतंय, सेन्सेई' म्हणालात. माती ठेवलेली तिकडची प्रयोगशाळा जूनमध्ये बंद होत होती, म्हणून मीच 'दगड' लिहून मागवली. उकिरड्यावर टाकू देऊ का पोराचं काम?"

"खात्याकडूनच उशीर झाला," मी म्हणाले.

खोटं होतं ते. त्यांचा अर्ज माझ्याच खणात पडून होता. त्यावर एक सही राहिली होती. ती घ्यायला उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता वर्षअखेरीची धांदल आली आणि मी विसरले. मेमध्ये आठवलं, तेव्हा कबूल करायची लाज वाटली.

मी निशिगोरींना फोन लावला आणि सांगितलं, "माती आहे. परवानगी नाही." सेन्सेई समोरच उभे होते. ते निघून गेले.

परत पाठवायची म्हटलं तर तिकडे घ्यायला कुणी उरलं नव्हतं. जाळायचा दिवस ठरला. आयातदारातर्फे मी हजर राहणार होते. सेन्सेई म्हणाले, मीही येतो.

गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. खण, सही, मेमधलं ते 'होतंय'. ते खिडकीबाहेर भाताच्या शेतांकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "इबुकीच्या आईला मी शब्द दिलाय, त्याच्या नावाने शोधनिबंध छापू म्हणून. आता तिला तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही."

भट्टीवरच्या माणसाने खोकी एकेक करून मोजली आणि आत सारायला सुरुवात केली. फुटक्या खोक्यातून मातीच्या नळ्या दिसत होत्या, त्यांवर इबुकीच्या हाताने तारखा घातलेल्या होत्या. एका नळीवर त्याने डास काढला होता, मोठ्या नाकाचा. सेन्सेई तेवढी नळी मागायला पुढे झाले. माणसाने मान हलवली, तसे मागे आले.

रविवारी मी नागाओकाला, इबुकीच्या घरी गेले. इबुकीच्या आईने सातूचा थंड चहा ठेवला. मी गुडघ्यांवर बसून, जमिनीला कपाळ टेकवून सांगितलं. माझी चूकही सांगितली.

"म्हणजे काहीच उरलं नाही?"

"नाही."

"तिथली थंडी फार बोचते म्हणायचा," ती म्हणाली. मग सावरून बसली आणि तिनेही माझ्यापुढे कपाळ टेकवलं. "माझ्या मुलामुळे तुम्हा सगळ्यांना फार त्रास झाला. माफ करा."

चहा तसाच राहिला.

मी विद्यापीठाला लेखी कबुली दिली. सेन्सेईंनी खोट्या कागदाबद्दल राजीनामा दिला आणि माझी बदली ग्रंथालयात झाली. इबुकीच्या आईची ती माफी मात्र मला अजून परत करता आलेली नाही.