झांजा कुठे गेल्या

दोन साडूंचं पटत नाही यात नवल काय? पण या दोघांचं भांडण होतं दोन बँडवरून, आणि तेही असे बँड की ज्यांतले गाणारे आता सत्तरीला टेकलेले. थोरल्या साडूचा 'ऐरण', धाकट्याचा 'बाग'. खरी नावं लांबलचक आणि इंग्रजी होती, ती दोघांनी आपल्या सोयीने छाटून घेतली होती. बावीस वर्षांपूर्वी धाकट्याच्या लग्नात, नवरा मुलगा आणि त्याचा नवाकोरा साडू कोपऱ्यात हमरीतुमरीवर आले, तेव्हा सासऱ्यांना वाटलं जेवण कमी पडलं. मुद्दा एवढाच होता की ऐरणचा गिटारवाला जास्त वेगाने वाजवतो की बागचा.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी हा खटला धाकट्याच्या घरी चालायचा. दोघी बहिणी दार लावून आतल्या खोलीत बसायच्या आणि बाहेर भिंती हादरायच्या. खटल्याला नियम होता. एकाने गाणं लावायचं, दुसऱ्याने खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचं, आणि गाणं संपेपर्यंत ब्र काढायचा नाही. डोळ्यांचा नियम दोघेही पाळायचे. ब्र न काढण्याचा कुणीच पाळला नाही.

गेल्या वर्षभरात थोरल्याचं काहीतरी फिरलं. आधी तो बागच्या नव्या अल्बमवर घसरला. "ड्रमवाल्याचे हात गेले रे तुझ्या. झांजाच वाजवत नाही. नुसता धबधब बडवतोय."

धाकट्याला ड्रमवरच्या पितळी झांजा लख्ख ऐकू येत होत्या. पण बोलणारा पक्का ऐरणवाला, त्याच्या तोंडून बागचं कौतुक निघणार होतं थोडंच? मग ऐरणचाही नवा अल्बम आला, आणि थोरल्याने त्यालाही धुतलं. "म्हातारे झाले. इथेही झांजा गायब. रेकॉर्डिंग करणाऱ्याने कानात बोळे घातले होते की काय?" धाकट्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा शत्रू स्वतःच्या किल्ल्यावर तोफ डागत होता. असं का, हे विचारायची बुद्धी त्याला झाली नाही.

उलट एका रविवारी तो नको ते बोलून गेला. "ऐरण संपला, भाऊ. तुमच्यासारखाच. आता दोघांनीही घरी बसा."

थोरला चहा अर्धा टाकून उठला. बायकोला "चल" म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दोघांची नोकरीही एकाच कारखान्यात, लोखंडी टाक्या बनवण्याच्या शेडमध्ये. थोरला वर, छताखालच्या रुळांवर फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये. धाकटा खाली जमिनीवर, ओझ्याला पट्टे बांधून ते हुकात अडकवणारा. वर घे, खाली सोड, डावीकडे, हे सगळं हाताच्या खुणांनी चालायचं. पण ओझं मोठं असलं की खालचा माणूस वरून दिसत नाही. त्यासाठी गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की काहीही होवो, क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे.

त्या दिवशी टाकीचं बूड उचललेलं होतं, चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढं, जाडजूड. ते झुलत धाकट्याच्या बाजूला आलं. मागे उभी केलेली पत्र्यांची चळत, पुढे ते बूड. धाकट्याने शिट्टी मारली. बूड थांबलं नाही. पुन्हा मारली, जीव खाऊन. बूड येतच राहिलं. तो पोट आत ओढून आडवा सरकला आणि चळतीच्या कडेने कसाबसा निसटला. बूड पत्र्यांवर आदळलं तेव्हा त्याच्या बाहीचं बटण तिथेच राहिलं होतं.

थोरला शिडी उतरून धावत आला. चेहरा पांढराफटक.

"शिट्टी मारता येत नाही का तुला?"

"दोनदा मारली!"

"खोटं बोलू नकोस."

धाकट्याचं डोकं सटकलं. कालचा राग आज असा काढला? बँडवरून? माणूस आहे की कोण? अख्ख्या शेडसमोर त्याने थोरल्याला नाही नाही ते सुनावलं, आणि थोरला खाली बघत ऐकून घेत राहिला. तेच धाकट्याला खटकलं. एरवी तो एक शब्द ऐकून घेणारा प्राणी नव्हता.

पुढच्या रविवारी थोरला आला. येणार नाही असं सगळ्यांनाच वाटलं होतं. बायका आत गेल्या. "लाव," तो म्हणाला. "ऐरणचाच लाव, पहिला अल्बम. जुन्यात कशा झांजा होत्या ते ऐक, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल." आणि खुर्चीत बसून त्याने डोळे मिटले.

धाकट्याने पहिलं गाणं लावलं. ऐरणच्या चाहत्यांना हे गाणं झोपेत उठवून विचारलं तरी पाठ असतं. सुरुवातीला अर्धं मिनिट फक्त एक झांज, काठीच्या टोकाने हलकेच वाजवलेली, किणकिण करत वाढत जाणारी. मग गिटार कोसळते. झांज सुरू झाली. खोलीभर किणकिणली. थोरला मिटल्या डोळ्यांनी बसून होता. एक बोट खुर्चीच्या हातावर, ताल धरायला तयार.

"अरे, लाव ना," तो म्हणाला.

झांज वाजत होती. आता तर जोरात वाजत होती, आतल्या खोलीतून बायकोने "आवाज कमी करा" म्हणून दारावर थापही मारली.

"काय शोधतोयस एवढं? लाव की!"

आणि गिटार कोसळली. थोरल्याचं बोट चालू लागलं, चेहरा खुलला. "हां! आता कसं! पण सुरुवातच कापलीय की रे यांनी. बघितलंस? झांज कापली."

धाकट्याने गाणं बंद केलं. मग तो थोरल्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत त्याने कधी असा हात ठेवला नव्हता.

"भाऊ, झांज कुणी कापली नाही. ती वाजली. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

थोरल्याने डोळे उघडले. मग हळूच म्हणाला, "तुझा आवाज तर येतो."

"माझा जाडा आहे म्हणून येतो. बारीक आवाज गेलेत तुमचे. सोमवारी शिट्टीही गेली."

थोरल्याचा चेहरा पडला. त्याला माहीत होतं, निदान संशय तरी होता, हे धाकट्याने त्याच्या डोळ्यांत वाचलं. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. आवाज आला की बटण दाबायचं. थोरला काचेतून तपासणाऱ्या बाईंच्या हाताकडे बघून बटण दाबत आला होता.

"रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय माझं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं वर बसलोय. मला खाली उतरवून हातात झाडू देतील रे. सगळ्यांसमोर. तू फक्त माझ्यासमोर दिसेल असा उभा राहा. हात कर. तुझ्या हातावरून माझी नजर हलणार नाही. शपथ."

धाकट्याला नाही म्हणवेना. हाच माणूस त्याला या कारखान्यात घेऊन आला होता. त्याची मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा हाच तीन रात्री इस्पितळाच्या बाकावर बसून राहिला होता. "बरं," तो म्हणाला, आणि त्या "बरं"ने त्याची भूक उडवली.

चार दिवस नीट गेले. धाकटा ओझ्याच्या मागे म्हणून जाईना, आणि वरून थोरला डोळ्यांत तेल घालून बघत होता. पाचव्या दिवशी पाळ्यांचा नवा कागद लागला. पुढच्या आठवड्यात थोरला दुपारच्या पाळीला. खाली चष्मेवाला.

चष्मेवाला म्हणजे शेडचा विदूषक. कुणाच्या डब्यात काय आहे हे वासावरून ओळखायचा आणि निम्मं खायचा. धाकट्याने त्याला गाठलं. "तू ओझ्याच्या मागे जात जाऊ नकोस हां."

"का रे बाबा?"

"असंच."

"असंच काय? मागे गेल्याशिवाय पट्टा सरळ कसा करू? तुझे साडू आहेत ना वर? मग मला कसली भीती!" चष्मेवाला हसला आणि गळ्यातली शिट्टी फुंकून दाखवली.

स्वतःपुरता मार्ग काढला होता धाकट्याने. या हसणाऱ्या माणसाचं काय? त्याच्यामागून येईल त्याचं काय? धाकटा पाणी प्यायला गेला, पाणी न पिताच परत आला, पुन्हा गेला. मग सुपरवायझरच्या खोलीत शिरला आणि सगळं सांगून टाकलं. आपण बरोबर करतोय याची त्याला पक्की खात्री होती, आणि तरीही स्वतःची किळस येत होती.

थोरल्याला झाडू दिला नाही. सामानाच्या खोलीत, जाळीच्या खिडकीमागे बसवलं. हातमोजे, पट्टे, चष्मे द्यायचे आणि सही घ्यायची. पण मेहुणीने फोन करून जे सांगितलं ते धाकट्याला झोंबलं. "भाऊजी, एकदा आम्हाला तरी सांगायचं होतंत. ते आता घरात रेडिओसुद्धा लावत नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत." तिने फोन ठेवला, आणि बायकोनेही आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

सहा रविवार ओस गेले. धाकट्याने एकट्याने बागचे अल्बम लावून पाहिले. समोर नाक मुरडायला कुणी नसेल तर काय ऐकायचं? आपला बँड आपल्याला एवढा का आवडायचा, हेच त्याला आठवेना.

खिडकीवर तो जायचं टाळत होता. हातमोजे फाटून बोटं बाहेर आली तरी तेच घालत होता. सातव्या आठवड्यात सुपरवायझरने दटावलं, तेव्हा जावंच लागलं.

थोरला मान खाली घालून बसला होता. कानामागे नवीन यंत्र, बोटाच्या पेराएवढं. धाकट्याने हातमोजे मागितले. थोरल्याने जोडी काढली, वही पुढे सरकवली. वर पाहिलंच नाही.

धाकट्याला राहवेना. देण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं, आणि ते त्याने बावीस वर्षं मुठीत धरून ठेवलं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, मोठ्याने, "ऐरणच मोठा. बाग त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मी हरलो."

थोरल्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते. जाळीच्या अगदी जवळ तोंड आणून तो बोलला, आणि त्याचा आवाज शेडपर्यंत गेला असेल.

"माझी केबिन घेतलीस. आता भांडणही घेतोस?"

मागे रांगेत दोघं जण होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माफी मागावी असं धाकट्याला फार वाटलं, पण ती मागितली तर हा माणूस खिडकीच लावून घेईल, हेही कळत होतं. त्याने बाहीने नाक पुसलं.

"मग ऐका," तो तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "तुमच्या ऐरणच्या गायकाला तिसऱ्या अल्बमपासून सूर सापडलेला नाही. रेकतो नुसता."

थोरल्याने वहीवर पेन आपटलं.

"गाढव आहेस," तो म्हणाला. "सही कर."