उजव्या कानाशी पेचकस

फळीवरचं ताट निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. छोट्या घरात तो खणखणाट जास्तच झाला. पाच वर्षांच्या काजलने दोन्ही कान झाकले. तिला चिकटून बसलेला तिचा बाप, प्रेमानंद, स्क्रू फिरवायचा लांब पेचकस पुसत होता, तो तसाच पुसत राहिला.

दीपमालाने ताट उचललं आणि नवऱ्यासमोर उकिडवी बसून, ओठ मोठे हलवत म्हणाली, "आज नका जाऊ. तब्येत बरी नाही म्हनून सांगून द्या."

"हिंमतरावायनं गाड्या पाहाले मलेच काऊन बोलावलं? मेहकरात गॅरेजं कमी हायेत का? इंजिन ऐकून रोग सांगते असा मानूस एकच." तो हसला. "तू हाये ना संगं. आवाज खराब वाटला की पदर डोक्यावर घे. मी पाहीन तुह्याकडं."

उजवा कान वर्षापूर्वी गेला होता, डावाही आता चालला होता. डॉक्टर आणि बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाला कळलं तर गॅरेजला कुलूपच. म्हणून त्याने तिला आवाज शिकवले होते. वरची टिकटिक किरकोळ. पण पोटातून ठोका आला, तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा कणाच, गेला समजायचं.

हिवरा आश्रमाला दर्शनाला निघालोय, असं निमित्त करून ती मुलीला घेऊन मोटरसायकलवर बसली.

वाटेवरच हिंमतरावांचं कापसाचं गोदाम. आत दोन गाड्या उभ्या होत्या, साठेक वर्षांच्या, दोन सीटच्या, कापडी टप मागे दुमडलेल्या. हिरवी इंग्लंडची, लाल इटलीची. एक राहणार होती, दुसरी दलाल परत नेणार होता.

"सांग बाप्पा," हिंमतराव म्हणाले. "जिंदगीभर ट्रॅक्टरवर हिंडलो. आता बुढीले उघड्या गाडीत मेहकर दाखवतो. ती म्हनते लाल, मले हिरवीचा रुबाब भावला. तू म्हनशीन ते घेतो. अन् तिची देखरेखही तुह्याकडंच."

"हिरवी बैलासारखी हाये, भाऊसाहेब. जरा तेल सांडन, पन तिले मी डोये मिटून दुरुस्त करीन. लाल म्हंजे घोडी. पयन त अशी पयन, अन् रुसली त चार दिवस दाना खानार नाही."

दलालाने हिरवी चालू केली. घोगरा, पण सरळ आवाज. मग लाल. दीपमालाच्या अंगावर काटाच आला, इतकी गोड. दलालाने ॲक्सिलरेटर सोडला आणि त्या गोडव्याच्या खालून ठोका आला. टुक. टुक.

तिने पदर डोक्यावर घेतला.

प्रेमानंद पाहतच नव्हता. पेचकसाचं टोक इंजिनाला लावून, मूठ कानाशी धरून, तो डोळे मिटून उभा होता. मूठ उजव्या कानाशी होती. दुसरा तळवा मडगार्डवर. तिथून इंजिनाची थरथर त्याच्या अंगात शिरत होती, आणि कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"लालच घ्या, भाऊसाहेब. काय गाऊन राह्यली!" म्हणत तो वळला आणि पिशवीत हत्यारं भरायला खाली बसला.

दीपमाला खोकली. पदर सोडून पुन्हा घेतला. त्याची पाठच तिच्याकडे. दलाल हात पुढे करून हिंमतरावांकडे आलासुद्धा.

"भाऊसाहेब," तिच्या तोंडून निघालं, "लालचा क्रँक ठोकून राह्यला. यायनंच शिकवलं मले."

हिंमतरावांनी इंजिन बंद करायला लावलं. तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं, मग त्या पाठीकडे. मागे जाऊन हाक मारली, "प्रेमानंद." मग मोठ्याने, "अरे प्रेमानंद!"

तो लोखंडी पाने मोजून पिशवीत टाकत होता.

हिंमतराव फिरून समोर आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश म्हणाले, "हिरवी घेतो."

प्रेमानंदने बायकोकडे पाहिलं. पदर अजून डोक्यावरच होता.

"बराबर हाये," तो म्हणाला. "लाल मले नुसती आवडली होती."

चहा आला, बशीत बिस्किटंही आली. देखरेखीचं मात्र कुणी बोललं नाही.

बाहेर त्याने किक मारली. गाडी चालू झाली, तरी त्याने आणखी एक मारली. दीपमालाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा थांबला.

मधे बसलेली काजल वाटभर बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसून काहीबाही सांगत होती. मेहकरच्या अलीकडे तिने तोंड बाहेर काढलं. मग मान मागे वळवून म्हणाली,

"मम्मी, पप्पाले माहा आवाज आठवन का?"