वायलं पाणी

"वैनी, त्या डेऱ्यात हात घालू नका! ते वायलं पाणी हाय, येगळं ठिवलेलं," नकोशी पडवीच्या कोपऱ्यातून ओरडली.

फुलाबाईनं हात मागं घेतला. डेऱ्यात कालव्यातून धरून आणलेले मासे फिरत होते. फुलाबाईचा नवरा रावजी म्हणजे माशांचा वेडा. वांग्याच्या मळ्यातल्या विहिरीतले मासे त्याचा जीव की प्राण. बायको तापानं फणफणली तरी आधी विहिरीत डोकावून येणारा माणूस. गेल्या उन्हाळ्यात त्यानं नवे मासे थेट विहिरीत सोडले. त्यांच्या अंगावरचे पांढरे ठिपके जुन्यांना लागले आणि निम्मे मासे पोट वर करून तरंगले. त्या दिवशी रावजी जेवला नाही. म्हणून यंदा नवे मासे आधी डेऱ्यात, आणि डेरा गोठ्याच्या पडवीत, बहिणीजवळ. वायलं ठेवायचं ते सगळं नकोशीकडंच यायचं.

कारण तीही वायलीच होती. नवरा क्षयानं गेल्यावर रावजीनं तिला पिंपळीला, माहेरी आणलं. पण तिचं ताट, तांब्या, अंथरूण सगळं पडवीत. फुलाबाई तिच्या ताटात भाकरी वरून टाकायची. बारामतीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून 'काही नाही' म्हणून सांगितलं, त्यालाही वर्ष होऊन गेलं. फुलाबाई वाईट नव्हती. घरात लहान लेकरं होती आणि तिला भीती वाटायची, एवढंच.

आज रावजी डेऱ्याशी उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ मासे निरखत राहिला. एकाच्याही अंगावर ठिपका नव्हता.

"पंधरवडा झाला की गं. काय बी रोग न्हाय. आता कशाला कोंडायचं बिचाऱ्यांना? सोडतो आज."

"सोड की," नकोशी म्हणाली. "दादा, माजा पंधरवडा कवा भरायचा?"

रावजी उठला. तो डेरा उचलून मळ्यात गेला. नवे मासे क्षणभर विहिरीच्या कडेला थबकले, मग जुन्यांत मिसळले. कुठला नवा, कुठला जुना, हे त्यालाही ओळखू येईना.

संध्याकाळी नकोशीनं रिकामा डेरा घासून पालथा घातला. मग ताट घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"वैनी, आज हितं बसू का?"

फुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. रावजी जरा सरकला. नकोशी त्याच्या शेजारी बसली. फुलाबाईनं भाकरी वाढली. पण हात काही खाली आला नाही. भाकरी रोजच्यासारखी वरूनच पडली.

नकोशीला फार वाईट वाटलं. तरी ती उठली नाही.

रावजीनं तिच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली, आपल्या कालवणात बुडवली आणि खाऊ लागला.

"तुज्या वन्संला आनखी एक दे," तो बायकोला म्हणाला. "आन जरा वाकून वाढ."