डिस्कवरचं लग्न

“बॅकअप लावा का मशीन बसी जास,” हितेंद्रभाऊ म्हणाले. “तू गयी तरी बसी जास.”

‘तू गेलीस तरी’ हे शब्द वृषालीला गुळासारखे गोड लागले. दोंडाईच्याच्या या मिरचीच्या कारखान्यात पूर्वी संगणक तीच सांभाळायची. मोठ्या सर्व्हरच्या पोटात आणखी एक संगणक चाले, त्याला सगळे ‘आतलं मशीन’ म्हणत. वजनकाटा आणि बिलं त्याच्यावर. त्याचा बॅकअप लावला की ते बंद पडे आणि फाटकाशी गाड्यांची रांग लागे. गेल्या दसऱ्याला यंत्रांची पूजा चालू असताना मॅनेजर हितेंद्रभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले होते, “तू लांब ऱ्हाय. तुना हातले गुण नही.” त्याच दिवशी तिनं नोकरी सोडली आणि धुळ्याला दुसरी धरली. आज बोलावणं आलं तशी ती लगोलग आली, पण मदतीला नव्हे. भाऊंचं नाक कापायला.

बॅकअप चालू असताना येणारी नवी वजनं तात्पुरती लिहायला डिस्कवर मोकळी जागा लागते. इथं जागाच नव्हती. त्या डिस्कचा पासवर्ड भाऊंनी तिला कधी दिला नव्हता. आज नाइलाजानं दिला. आत भाऊंच्या मुलाचं लग्न ठासून भरलं होतं. हळद, वरात, ड्रोनचं शूटिंग, सगळं.

“घर पोरं खराब करतस,” भाऊ ओशाळून म्हणाले. “आठे सुरक्षित व्हतं. फोटोवालाकडे दुसरी कॉपी शे. बठ्ठं उडाई दे, गाड्या उभ्या शेतस.” आणि ते फाटकाकडे गेले.

वृषालीनं आधी फोल्डर चाळलं. तळाशी मोबाइलवर काढलेली एक छोटी फाइल होती. भाऊंची आई मंजुळाबाई जात्याशी बसून, लग्नाची हळद दळताना ओवी म्हणत होती. म्हातारी संक्रांतीनंतर गेली, हे वृषालीला धुळ्यात कळलं होतं. ही फाइल फोटोवाल्याकडे असणार नव्हती. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्येच होता.

तिनं ओवी शेवटपर्यंत ऐकली. मग सगळं निवडलं आणि उडवलं. बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

बॅकअप सुरळीत पार पडला. हिशेब बघणाऱ्या कोकिळाताई चहा घेऊन आल्या, मागोमाग भाऊ आले आणि त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

“आयका. वृषालीनी चूक नव्हती, मनी व्हती. दसराले मी बोलनू ते चुकनं.” त्यांनी सगळ्यांसमोर तिला हात जोडले.

हेच ऐकायला ती आली होती. चहा मात्र तिनं तसाच ठेवला. माणसं पांगल्यावर भाऊ हळूच म्हणाले, “मायनी ओवी काढी ठेवी व्हई ना तू? घाईमा मना ध्यानमाच नही ऱ्हायनं. पण तू व्हती, म्हनीसन निर्धास्त व्हतू.”

“नाही काढली,” वृषाली म्हणाली.

भाऊंनी पडद्यावरचं रिकामं फोल्डर एकदा उघडून बघितलं. रागावले नाहीत.

“तू आयकी का?”

“ऐकली.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. “मंग म्हन.”

वृषालीनं तोंड उघडलं. तिला एकही ओळ आठवेना.