चौथं कलम

अमरनाथ गेल्याचा फोन आला तेव्हापासून सिद्धलिंगअप्पांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल हळूहळू. अप्पांनाही वाटलं, येईल. मग कागदांची कामं निघाली आणि ते राहूनच गेलं.

अहमदपूरच्या बसस्टँडजवळ अप्पांचं भांड्यांचं दुकान. एकुलता एक पोरगा दोन वर्षांपासून पोलंडला एका गोदामात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर नदीवर गेला आणि बुडाला. सापडला आठव्या दिवशी. देह विमानाने पाठवण्यासारखा राहिला नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. ते 'आठव्या दिवशी' अप्पांनी बायकोला, महादेवीबाईंना, सांगितलंच नाही. नियमात बसत नाही म्हणून तिकडेच उरकायचं, एवढंच सांगितलं.

"तिकडं तर तिकडं," बाई म्हणाल्या. "पर माझ्या लेकराला जाळू नका म्हणावं. अन् आडवंबी घालू नका. हातावर लिंग ठेवून बसवा म्हणावं. तेवढं कागदावर घ्या."

लिंगायताच्या घरचं माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि माती देतात. अहमदपुरात हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पोलंडला सांगायचं तर नोटरी लागते.

नांदेडच्या आनंदराजने सगळं समजावून सांगितलं. पोरांना परदेशी पाठवायचे कागद करून देणं हा त्याचा धंदा. अमरनाथचेही त्यानेच केले होते. बापाचं संमतीपत्र, त्यावर नोटरीची सही, मग मुंबईला मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीला परराष्ट्र खात्याचा. त्याशिवाय तिकडचे लोक देहाला हात लावणार नव्हते.

नोटरी लातूरचे, ओळखीतले. त्यांच्या टायपिस्टने तयार मसुदा उघडला आणि वर न बघता विचारलं, "धर्म हिंदू ना? मग दहन."

"न्हाई. आम्ही लिंगायत. आम्ही पुरतो."

टायपिस्ट ओशाळला. तो उदगीरचा, त्याची अर्धी गल्ली लिंगायतांची. पण मसुदा आयता असला की बोटं त्याच्याच मागे जातात. त्याने दुरुस्ती केली. मग अप्पांनी चौथं कलम सांगितलं. पाठ ताठ, मांडी घातलेली, डावा तळहात उघडा, त्यावर लिंग, तोंडाला विभूती. हे इंग्रजीत कसं बसवायचं यात दोघांचा अर्धा तास गेला. अप्पांचा आवाज एकदाही हलला नाही. गिऱ्हाइकाला पातेल्याचं माप सांगावं तसं त्यांनी पोराला कसं बसवायचं ते सांगितलं. आपल्याला काहीच कसं होत नाही, याची त्यांना लाज वाटली.

कागद अठरा दिवस फिरला. सरकारी काम अन् सहा महिने थांब. त्या मानाने लवकरच झालं, असं सगळे म्हणाले. अठरा दिवस पोरगा तिकडे बर्फात आणि बाप इकडे दुकानात. अप्पा शटर उघडत होते, हंडे पुसत होते, जेवायला वाढलं की जेवत होते.

दिल्लीहून कागद आल्याचं कळलं तसे ते नांदेडला गेले. आनंदराजने समोर ठेवला. पुढे नोटरीचा लाल शिक्का, मागे मंत्रालयाचा गोल, त्याच्या शेजारी दिल्लीचं नंबर घातलेलं स्टिकर. अप्पांनी तिन्हीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे चौथं कलम सगळ्यांनी वाचलं."

आनंदराज घुटमळला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं, पण समोरच्या माणसाशी त्याला ते जमलं नाही. "अप्पा, कुणी वाचत नसतंय ते. मुंबईवाले बघत्यात, नोटरीची सही खरी हाय का. दिल्लीवाले बघत्यात, मुंबईची सही खरी हाय का. शिक्का सहीचा असतोय, मजकुराचा न्हाई."

"आत कायबी लिहिलं तरी?"

"हाव."

एवढ्या साहेबांच्या हाताखालून पोरगा गेला आणि एकानेही त्याच्याकडे बघितलं नाही. अप्पांना राग यायला हवा होता. तोही आला नाही. "धाड मग," एवढं म्हणून ते परतीच्या एसटीत बसले.

पुढच्या आठवड्यात दुकानात असतानाच फोनवर फोटो आला. कापलेलं हिरवं गवत, चार अनोळखी माणसं आणि मधे लाकडाची बंद पेटी. खाली आनंदराजचा निरोप: "अप्पा, माती दिली. जाळलं न्हाई. बसवायचं मात्र जमलं न्हाई, देह तसा नव्हता म्हणायलेत. लिंगाचं त्यांना समजलंच न्हाई."

अप्पांनी पेटी पाहिली. जन्मभर मापं घेतलेली नजर. सहा फुटांच्या वरच भरली असती. मांडी घातलेल्या माणसाला एवढी जागा लागत नाही. त्यांनी फोटो पुसून टाकला, शटर ओढलं आणि घरी गेले.

बाई दारातच होत्या. "बसवलं का वो?"

"हाव. बसवलं."

"मान कलली न्हाई न्हवं?"

"न्हाई. मागून टेकू दिलता."

"अन् हातावर?"

"ठेवलं. डाव्या."

"तिकडं विधीला कोण स्वामी गावला?"

अप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या. "सोलापूरकडचा एकजण हाय म्हणं तिथं. त्यानं सगळं केलं."

बाई उंबऱ्यावरच बसल्या आणि पोटभर रडल्या. मग उठून तोंड धुतलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली म्हणाल्या.

संध्याकाळी शेजारच्या पार्वतीबाई आल्या. महादेवीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं: टेकू, डावा हात, सोलापूरकडचा स्वामी. पोराचा चेहरा लई शांत होता, हे मात्र त्यांनी स्वतःचंच घातलं. मग अप्पांकडे वळून म्हणाल्या, "खरं ना वो?"

"हाव," अप्पा म्हणाले.