प्रेक्षकांची तालीम

तालीम नटांची घेतात एवढं मला ठाऊक होतं. प्रेक्षकांचीही घेतात, हे आमच्या शाळेत नाटकाच्या बाई आल्यावर कळलं. मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर. मुलं पाठीमागे मला शिट्टीसर म्हणतात. गळ्यातली शिट्टी वाजली की पळणारं पोर जागच्या जागी थांबतं, याहून मोठी कला मला येत नाही. बाईंच्या लेखी मी म्हणजे गाढवाला गुळाची चव काय, त्यातलाच. त्या तसं बोलल्या कधी नाहीत, पण हसायच्या तसं.

तरी सुरुवातीलाच त्यांच्यावर खापर फोडणं बरं नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एक परदेशी नाटक मंडळी आली होती. एक माणूस खुर्चीवर बसून नुसता रडतो, असा तो प्रयोग. आमच्या पोरांनी आधी टाळ्या दिल्या, मग शिट्ट्या, मग कागदाची विमानं सोडली. त्यातलं एक नेमकं त्याच्या टकलावर उतरलं. तो उठला, डोळे पुसले आणि निघून गेला. सगळ्या शहरात शाळेचं नाक कापलं गेलं. त्यामुळे यंदा बाईंनी 'जगाचं आजचं नाटक' असा वर्ग काढला तेव्हा मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, की या वेळी एक टाचणी पडली तरी मला ऐकू आली पाहिजे.

बाईंनी ते मनावर घेतलं. हाताची घडी, तोंडावर बोट हे आपण सगळेच शिकलो. बाईंचं त्याच्या पुढचं होतं. हसायचं नाही. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. नाटकवाल्यांनी बोलावलं तर जायचं, जे करायला सांगतील ते करायचं. समोर कितीही भयंकर दिसलं तरी ते कलाकाराने ठरवून केलेलं असतं, मध्ये पडणं म्हणजे त्याचा अपमान. दिवे लागले की मगच टाळ्या. मुलं हे पाढ्यांसारखं म्हणायला लागली.

मग कळलं की यंदा येणाऱ्या परदेशी मंडळींच्या प्रयोगाला स्वच्छ कोरडी वाळू लागणार. बाईंची नजर माझ्या लांब उडीच्या खड्ड्यावर गेली. आठवड्याभरात माझा खड्डा गोण्यांत भरून नाट्यगृहाकडे रवाना झाला आणि उड्या मारणारी पोरं धावून धावून काठाशीच थांबायला लागली. तेवढ्याने भागलं नाही. प्रयोगात प्रेक्षकांनी एकेक करून वाळू ओतायची असते, असं बाईंना कुठून तरी कळलं होतं. म्हणून मैदानावर एक रिकामं पिंप आणि पायऱ्या ठेवून तालीम सुरू झाली. बादली भरायची, चढायचं, ओतायचं, उतरायचं, हात मागे बांधून पुन्हा रांगेत. रांग लावायला त्यांनी मला बोलावलं. रांग लावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी ती अशी लावून दिली की पोरं घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागली आणि बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून मनापासून हसल्या.

या रांगेत शेवटी माझी भाची उभी असायची. ताई आणि ती माझ्याकडेच राहतात. घरात आम्ही तिला वकीलबाई म्हणतो. दूध गरम का, रस्ता डावीकडूनच का, आजारी माणसाला खोटं का सांगायचं. बोलता बोलता फाटे फोडायची आणि समोरच्याला निरुत्तर करून सोडायची. शाळेतून तिच्या तक्रारी यायच्या, ताई कपाळाला हात लावायची आणि मी वरवर रागावून आतून खूश व्हायचो. आमच्या घरात दुसरं कोणी असं विचारणारं झालं नव्हतं.

बाईंच्या वर्गातही तिने पहिल्याच दिवशी हात वर केला. नाटकातला माणूस खरंच गुदमरला तर कसं ओळखायचं, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, ओळखायचं नाही, बघायचं. तिने विचारलं, का? असं तीन-चारदा झाल्यावर बाईंनी तिला सांगून टाकलं की निवडक मुलांनाच न्यायचंय, आणि तुझं हे असंच चाललं तर तू घरी. पोरीला तर जायचं होतंच. परदेशी नाटक डोळ्यांनी बघायचं म्हणून ती दिवस मोजत होती. ती रडत घरी आली तेव्हा मी तिला म्हणालो, थोडी गप्प बस, एकदा बघून ये, मग काय विचारायचं ते विचार.

ती गप्प बसली. जेवताना गप्प, रस्त्याने गप्प. ताईला हायसं वाटलं. मला मात्र घर कसंसंच वाटायला लागलं. एकदा मी मुद्दाम म्हणालो, की वकीलबाई, सूर्य पश्चिमेला उगवतो बरं का. तिने 'हो मामा' म्हटलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. मी मनाशी म्हटलं, प्रयोग होऊन जाऊ दे, मग हिची जीभ परत येईल.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आम्ही नाट्यगृहात पोचलो. पूर्वी ते गोदाम असावं, उंच आणि गारढोण. दाराशी राखणदार बसला होता. आवाज करणारी कुठलीही वस्तू आत न्यायची नाही, असं बाईंनी त्याला आधीच बजावलं होतं. आमचे फोन त्याने टोपलीत टाकले आणि माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. मी शिट्टी काढून दिली. त्यानंतर माझा हात सारखा छातीशी जात होता.

मध्यभागी काचेची उभी पेटी होती, वरून उघडी. मागच्या बाजूला कडी लावलेलं काचेचंच दार. आत एका बुटक्या स्टुलावर पिकल्या केसांची एक बाई बसली होती, हात मांडीवर. ही परदेशातून आलेली पाहुणी कलाकार. पेटीला लागून पायऱ्या, शेजारी माझ्या वाळूचा ढीग आणि बादल्या. कोपऱ्यात मंडळींची दुभाषीण उभी होती आणि तिच्यामागे दिवे सांभाळणारा माणूस. बाकी काही नाही. दिवे मंदावले. दुभाषीण एकच वाक्य बोलली, की या आणि वाळू ओता.

दुसऱ्या कुठल्याही शाळेची मुलं एकमेकांकडे बघत बसली असती. आमची उठली. रांग लागली आणि फिरायला लागली. दुभाषीण चमकली, हे मी पाहिलं. वाळू पाहुणीच्या पायांवर पडली, घोट्यांवर चढली, गुडघे बुडाले. ती प्रत्येक मुलाच्या तोंडाकडे बघायची. मूल वर चढलं की तिची मान वर व्हायची, डोळे त्याच्या डोळ्यांवर. मुलं तिच्याकडे बघत नव्हती, बादलीकडे बघत होती. बाईंनी तसंच शिकवलं होतं, म्हणजे सांडत नाही.

वाळू कमरेपर्यंत आली तोवर मला गंमत वाटत होती. माझा खड्डा जग बघून आला, असं काहीतरी मी मनात म्हणालो. हात बुडाले. वाळू छातीवर चढली तेव्हा गंमत संपली. धावून आलेल्या मुलांचा श्वास बघणं हे माझं रोजचं काम. पाहुणीची छाती हलत नव्हती. श्वास घ्यायला ती खांदे उचलत होती, आणि दर खेपेला थोडे कमी. मी बाईंकडे वाकून म्हणालो, हे थांबवायला हवं. बाईंचे डोळे भरून आले होते. इतकं सुंदर काही आपल्या मुलांच्या हातून होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"सर, एवढा वेळ धीर धरलात," त्या कुजबुजल्या, "आता तिचा अपमान नका करू."

रांग थांबली नाही. वाळूचा तो सरसर आवाज मला आजही नको वाटतो. मी दुभाषिणीकडे पाहिलं, ती ओठ चावत होती. दिवेवाला कडीच्या बाजूला दोन पावलं सरकला आणि थांबला. पाहुणीने मान उंच केली होती. वाळू गळ्याशी होती.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा."

मैदानावर माझ्या या शब्दाला सगळी शाळा थांबते. रांग क्षणभर अडखळली. मग सगळ्या माना एकदम बाईंकडे वळल्या. बाईंनी हलकेच मान हलवली, चालू द्या म्हणून. वर चढलेल्या मुलाने बादली ओतली. राखणदाराने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसायला सांगितलं. माझा हात पुन्हा गळ्याकडे गेला. तिथे नुसता दोरीचा वळ होता.  उभ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो, कारण एवढ्या लोकांत कोणीच घाबरलेलं दिसत नव्हतं.

रांग पुढे सरकत गेली आणि शेवटी वकीलबाईची पाळी आली. वाळू हनुवटीला लागली होती. पाहुणीने तोंड वर केलं होतं, ओठ घट्ट मिटलेले. माझी भाची बादली घेऊन वर चढली. मला अजून वाटत होतं, की ही विचारेल. जगात कोणी नाही विचारलं तरी ही विचारेल. पाहुणी तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून वाळूत जिरत होतं. पोरीने बादली तिरपी केली.

राखणदाराला ढकलून मी धावलो. खुर्च्या पडल्या. पायऱ्या चढून मी तिचं मनगट धरलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्या मैत्रिणींसमोर काहीतरी लाजिरवाणं केलंय.

"मामा, खाली बस ना," ती हळूच म्हणाली. "नाटक चालू आहे."

मी बादली हिसकावली. ती हातातून निसटली आणि वाळू जमिनीवर सांडली. त्याबरोबर दिवे लागले. दिवेवाल्याने कडी काढली, दार उघडलं आणि माझा सगळा खड्डा धबाधबा बाहेर आला. पाहुणी स्टुलावरच ओणवी झाली आणि घशातून भयंकर आवाज काढत श्वास घ्यायला लागली. दिवे लागल्यामुळे मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी एका तालात, शिकवल्याप्रमाणे.

दुभाषीण रडत होती. ती बाईंना म्हणाली, तुम्हाला प्रयोग कळवताना मुलांना आधी काही सांगू नका असं कळवलं होतं. बाई म्हणाल्या, हो, पण मुलांची तयारी नको का करून घ्यायला? मग दुभाषिणीने सांगितलं, की या प्रयोगाला शेवट लिहिलेलाच नाही. कोणीतरी नको म्हणतं, तोच शेवट. कुठे गुडघ्याशी एखादं मूल रडतं, कुठे कमरेशी कोणी म्हातारा शिव्या देत उठतो. छातीच्या वर वाळू कधी, कुठेच गेली नव्हती. पाहुणी स्वतः थांबवत नाही, तसं तिचं वचन आहे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही का नाही थांबवलंत?"

ती म्हणाली, की ती पुढे येणारच होती. दिवेवालाही कडी काढणारच होता.  बाई पांढऱ्या पडल्या होत्या, आणि मला त्यांची दया आली असती, पण माझं लक्ष तिथे राहिलं नाही.

वकीलबाई खाली उतरली होती. माझ्यामुळे सांडलेली वाळू ती जमिनीवर बसून दोन्ही हातांनी गोळा करत होती. ओंजळ ओंजळ करून तिने बादली भरली, कोपऱ्यात उडालेले कणसुद्धा तळहाताने लोटून घेतले. मला वाटलं, मामाने केलेला पसारा आवरतेय. मी तिला हाक मारली. तिने ऐकलं नाही.

ती उठली आणि पेटीच्या उघड्या दाराशी गेली. पाहुणी अजून धापा टाकत होती, केसांत वाळू, पापण्यांवर वाळू. तिने मान वर करून माझ्या भाचीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तिला वाटलं असेल, पोर मदतीला आली. पोरीने बादली नीट धरली, एक कण बाहेर सांडू न देता तिच्या मांडीवर सगळी वाळू ओतली, रिकामी बादली जागेवर ठेवली आणि हात मागे बांधले.

"माझी राहिली होती," ती म्हणाली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.